कै. नारायण मल्हार जोशी आणि गिरणीचे फाटक

आपल्या ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र दरवर्षी ह्या स्मरणिकेत देण्याचा प्रघात आहे. यंदा संपादक मंडळाच्या अनुज्ञेने आम्ही तो मोडीत आहोत. कै. नारायण मल्हार जोशी हे आपल्या ज्ञातीचे नव्हते. आणि त्यांनी स्वतः कामगाराची जात पाहून काम केले असेही कधी झाले नाही. तरीसुद्धा त्यांचे चरित्र आपल्या घराघरांत वाचले जावे असे आम्हांस वाटते, ह्याचे कारण सरळ आहे. कोकणातून पोटासाठी मुंबईस आलेल्या आपल्या वाडवडिलांपुढे मुख्यतः दोन वाटा होत्या. एक गिरणीच्या साचेखात्याची, दुसरी पोलिसातील शिपाईगिरीची. एक भाऊ परळच्या गिरणीत आणि दुसरा भाऊ नायगावच्या पोलीस लाइनीत, अशी घरे आपल्यांत थोडी नव्हती. संप झाला म्हणजे गिरणीच्या फाटकाबाहेर हे दोन भाऊ समोरासमोर उभे राहत. एकाच्या हाती झेंडा, दुसऱ्याच्या हाती दंडा. जोशी ह्यांचे सारे आयुष्य त्या फाटकासमोरच्या चार हात जागेवर खर्ची पडले असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

त्यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. मुंबईच्या उपनगरातील गोरेगाव ते हे नव्हे, एवढे तरुण वाचकांसाठी सांगणे अवश्य आहे. पुण्यास शिक्षण झाले, डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले, आणि पुढे सुमारे आठ वर्षे त्यांनी शाळामास्तरकी केली. ह्या आठ वर्षांविषयी चरित्रकार दोन ओळींत आटोपते घेतात. आम्ही स्वतः त्याच धंद्यात आयुष्य घालविले असल्यामुळे आम्हांस मात्र त्या दोन ओळी अपुऱ्या वाटतात. पुढे दिल्लीच्या कायदेमंडळात एकच मुद्दा वर्षानुवर्षे न रागावता पुन्हा पुन्हा मांडण्याची जी चिकाटी त्यांनी दाखविली, ती वर्गात मंद मुलास त्रैराशिक शिकविल्यावाचून माणसास सहसा येत नाही.

१९०९ साली ते नामदार गोखले ह्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. समाजाच्या सभासदास अल्प वेतनात आयुष्यभर सार्वजनिक काम करण्याची प्रतिज्ञा घ्यावी लागे. जोशी मुंबईस आले, आणि १९११ च्या मार्च महिन्यात त्यांच्या पुढाकाराने सोशल सर्व्हिस लीग ही संस्था उभी राहिली. अध्यक्षस्थानी सर नारायण चंदावरकर होते. चिटणिशीचा भार जोशी ह्यांजवर होता. रात्रीच्या शाळा, फिरती वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या अशी कामे लीगने गिरणगावात काढली. परळचा दामोदर हॉल हा ह्याच संस्थेच्या उद्योगातून उभा राहिला, आणि त्या हॉलात नाटके पाहिलेली मंडळी आपल्यांत पुष्कळ आहेत. भारत सेवक समाजाचे बिऱ्हाड गिरगावात सँडहर्स्ट रोडवर होते. गिरगाव ते परळ हे अंतर नकाशावर फारसे नाही. परंतु त्या काळी गिरगावातील पांढरपेशा मनुष्य परळच्या चाळीत सहसा पाऊल ठेवीत नसे. जोशी ते रोज ओलांडीत.

आता सरकारी अंमलदार संपाकडे कोणत्या नजरेने पाहत, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण त्यावाचून जोशी ह्यांच्या कामाचे मोल कळत नाही.

१९०८ च्या जुलैत लोकमान्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरण्यांतील कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. सरकारने लष्कर रस्त्यावर आणले, गोळीबार झाला, माणसे मेली. तो राजकीय संप होता. परंतु त्यानंतर निव्वळ पगारासाठी जे संप झाले तेही सरकारदरबारी त्याच दप्तरात बांधले गेले. १९१९ च्या जानेवारीत महायुद्धानंतरच्या महागाईने गांजलेले लाखावर कामगार गिरण्यांबाहेर पडले. १९२० च्या जानेवारीत पुन्हा पडले. अशा वेळी ठरलेली पद्धत अशी होती. पोलीस कमिशनरने गृहखात्यास अहवाल द्यावा, गृहखात्याने गव्हर्नरच्या कौन्सिलपुढे ठेवावा, आणि कौन्सिलने असे ठरवावे की मालक आणि मजूर ह्यांच्या भांडणात सरकारने पडू नये, मात्र रस्त्यावरील सुव्यवस्था राखावी. वाचण्यास हे न्यायाचे वाटते. पण गिरणी बंद करावयाची तर मालकास रस्त्यावर यावे लागत नाही. आतून कुलूप लावले की झाले. मजुरास आपला संप टिकवावयाचा तर फाटकाबाहेर उभे राहून आत जाणाऱ्यास अडवून विनवावे लागते. म्हणजे सुव्यवस्थेचा दंडा पडावयाचा तो एकाच्याच पाठीवर. ह्या उभे राहण्यासच पिकेटिंग म्हणतात.

फाटकाशी विनवणी कोठे संपते आणि धमकी कोठे सुरू होते, ही सीमारेषा कोण आखणार, हाच खरा तंटा होता. कमिशनरच्या हाती मुंबई शहर पोलीस कायदा होता, जमाव बंद करण्याचा अधिकार होता, दंडविधानातील धमकीचे कलम होते. रेषा तोच आखीत असे, आणि ती पाळवून घेण्यासाठी रत्नागिरीकडचा शिपाई उभा करीत असे. तोही बिचारा ज्याला हटवावयाचे त्याच्याच गावचा! सगळा दोष गोऱ्या अंमलदारावर टाकून मोकळे होणे मात्र आम्हांस पसंत नाही. फाटकापाशी काही वेळा खरोखरीच दगड चालत, आणि कामावर जाऊ इच्छिणाऱ्या गरिबाचे डोके फुटे. जॉबरची माणसे आपली जुनी भांडणे संपाच्या नावाखाली मिटवून घेत. आपल्या ज्येष्ठांच्या तोंडून आम्ही हे ऐकलेले आहे.

१९१९ च्या अखेरीस वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. हिंदी मजुरांचा प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशी ह्यांस पाठविले. मजुरांची अखिल हिंदी संस्था तेव्हा नव्हतीच, मग प्रतिनिधी निवडणार कोण? ही उणीव पुढच्याच वर्षी दूर झाली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय ह्यांच्या अध्यक्षतेखाली ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, आणि तिच्या पायाभरणीत जोशी होते. १९२१ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळात मजुरांचे सरकारनियुक्त सभासद झाले. सरकारने नेमलेला सभासद म्हणजे सरकारचे बाहुले, अशी टीका त्यांच्यावर जन्मभर झाली. बाहुले पुढे काय करते ते पाहावे.

त्याच सुमारास मद्रासेत एक प्रकार घडला. बकिंगहॅम गिरणीच्या मालकांनी तेथील मजूर पुढारी वाडिया ह्यांजवर हायकोर्टात फिर्याद लावली आणि मजुरांस करार मोडण्यास चिथावू नये असा मनाई हुकूम मिळविला. ह्याचा अर्थ असा की संप करा म्हणून सांगणे हाच कोर्टात भरपाई मागण्याजोगा अपराध ठरला. जोशी ह्यांनी १९२१ च्या मार्चमध्ये कायदेमंडळात ठराव आणला की मजूर संघांस संरक्षण देणारा कायदा व्हावा. सरकारने ठराव मान्य केला, आणि मग पाच वर्षे घेतली! मजूर संघांचा कायदा १९२६ साली झाला, १ जून १९२७ पासून अमलात आला. नोंदलेल्या संघाच्या चालकांवर संपाबद्दल कटाचा खटला भरता येणार नाही, दिवाणी दावाही लावता येणार नाही, एवढे त्याने मिळाले. मात्र इंग्लंडात १९०६ च्या कायद्याने शांततेच्या पिकेटिंगला जी स्पष्ट मुभा होती, ती हिंदुस्थानच्या कायद्यात घातली गेली नाही. संघाच्या कचेरीत बसलेला चिटणीस सुरक्षित झाला. फाटकाशी उभा असलेला मनुष्य जेथे होता तेथेच राहिला.

मुंबईत इकडे संपांवर संप चालले होते. १९२४ च्या आरंभी बोनसाच्या प्रश्नावर सुमारे दीड लाख कामगार दोन महिन्यांवर घरी बसले. हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड ह्यांच्या समितीने बोनस हा कामगारांचा कायदेशीर हक्क नव्हे असा निकाल दिला. मार्चमध्ये गोळीबार झाला, आणि कामगार रिकाम्या हातांनी परतले. पुढच्या वर्षी मालकांनी पगारात साडेअकरा टक्के काट जाहीर केली. १९२५ च्या सप्टेंबरपासून पुन्हा दीड लाख माणसे बाहेर. ह्या संपात जोशी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मदतनिधी उभारला, परदेशच्या मजूर संघटनांकडूनही पैसा आला, आणि मोठा दंगाधोपा न होता संप टिकला. मालकांचे म्हणणे असे की सरकार कापडावर साडेतीन टक्के जकात घेते ती उठवा, आम्ही काट रद्द करतो. ही जकात लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या समाधानासाठी बसविलेली, म्हणून देशभर बदनाम होती. व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग ह्यांनी डिसेंबरच्या आरंभी ती तहकूब केली, काट रद्द झाली आणि भोंगे वाजले. कामगारांच्या उपवासाने मालकांची जकात सुटली, अशी ती गंमत!

ह्या यशावर १९२६ च्या जानेवारीत जोशी ह्यांनी मुंबई टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापिली. ते अध्यक्ष झाले, र. रा. बखले चिटणीस. वर्गणीच्या पावत्या, हिशेबाची वही, प्रत्येक तक्रारीचा अर्ज, मालकाशी पत्रव्यवहार, अशी तिची रीत. आम्हांस ही रीत आवडते हे आम्ही लपवीत नाही. पण १९२८ साली तिच्यावर जो प्रसंग आला तोही सांगितला पाहिजे.

मालकांनी त्या वर्षी कार्यक्षमतेच्या नावाखाली नवी पद्धत आणली. दोन साचे चालविणाऱ्याने तीन चालवावे, सूतखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्या; आणि मग जी माणसे जास्त होतील त्यांनी गावी जावे. जानेवारीत ससून गिरण्यांपासून तुरळक संप सुरू झाले. सार्वत्रिक संप पुकारू नये असे जोशी ह्यांच्या युनियनचे मत होते. कॉम्रेड डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर ह्या तरुण मंडळींचे मत उलट होते, आणि कामगार त्यांच्या मागे गेले. २३ एप्रिल रोजी पोलिसांच्या गोळीने परशुराम जाधव हा कामगार ठार झाला. एप्रिल अखेर बहुतेक साऱ्या गिरण्या थंडावल्या.

येथे जोशी ह्यांनी जे केले ते आमच्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठे काम होय. संप नको होता, तरी संप झाल्यावर ते बाजूस राहिले नाहीत. लाल बावट्याच्या मंडळींबरोबर संयुक्त संप समितीत ते बसले. सतरा मागण्यांची यादी झाली, धान्यवाटप सुरू झाले. रशियातील कापड कामगारांकडून समितीस पैसे आले तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांनी हलकल्लोळ केला. भाताचा दाणा कोणत्या देशाचा हे उपाशी पोरास कळत नाही, हे त्या संपादकांस कोण सांगणार? संप सहा महिने चालला. दोन कोटींहून अधिक मनुष्य-दिवस बुडाले. पुष्कळ कुटुंबे आगबोटीने कोकणात परतली, आणि जी राहिली ती खाणावळवालीच्या उधारीवर आणि पठाणाच्या व्याजावर जगली.

पोलीस कमिशनर पॅट्रिक केली हे होते. ते दहा वर्षांवर त्या जागी राहिले, म्हणून गिरणगाव त्यांस पक्के माहीत होते. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन. सरकारचे धोरण अखेरपर्यंत तेच, आपण मध्ये पडावयाचे नाही. परंतु अखेर पडावेच लागले. कौन्सिलचे सभासद सर गुलाम हुसेन हिदायतुल्ला ह्यांच्या मध्यस्थीने ऑक्टोबरच्या आरंभी तडजोड झाली आणि न्यायमूर्ती फॉसेट ह्यांची चौकशी समिती नेमली गेली. जोशी ह्यांच्यासारखा, ज्याच्याशी दोन्ही पक्ष बोलू शकतील असा मनुष्य नसता तर ती बैठक जमली असती की नाही ह्याची आम्हांस शंका आहे. आणि ह्याचे बक्षीस काय? मे महिन्यात निघालेल्या गिरणी कामगार युनियनचे सभासद वर्षअखेर पन्नास हजारांवर गेले. जोशी ह्यांच्या युनियनचे काही हजारच उरले. हिशेबाच्या वहीपेक्षा फाटकावरील सभा कामगारांस जवळची वाटली. त्याबद्दल जोशी ह्यांनी कामगारांस बोल लाविला नाही.

पुढचे वर्ष वाईट गेले. शिवडीच्या तेल कंपन्यांत १९२८ च्या डिसेंबरात संप झाला होता. कंपन्यांनी संपवाल्यांच्या जागी पठाण आणले. दोहोंत चकमकी झाल्या. फेब्रुवारी १९२९ मध्ये पोरे पळविणारे पठाण शहरात फिरतात अशी आवई उठली, आणि पाहता पाहता तिचा हिंदु-मुसलमान दंगा झाला. दीडशेच्या आसपास माणसे प्राणास मुकली. चौकशी समिती बसली, तिने लाल बावट्याच्या भाषणांवर ठपका ठेवला. २० मार्च रोजी देशभर धरपकड होऊन डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर इत्यादींस मीरतच्या खटल्यासाठी नेण्यात आले. अशा रीतीने फाटकावरील तंटा बादशहाविरुद्धच्या कटापर्यंत जाऊन पोहोचला.

८ एप्रिल १९२९ ही तारीख शाळकरी मुलासही ठाऊक असते; त्या दिवशी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त ह्यांनी दिल्लीच्या कायदेमंडळात बाँब टाकला. मात्र त्या दिवशी सभागृहात काय चालले होते हे फार थोड्यांस ठाऊक असते. औद्योगिक तंट्यांचे बिल त्याच दिवशी मंजूर झाले होते. चौकशी मंडळे नेमण्याची त्यातील तरतूद बरी होती. पण सरकारवर दडपण आणणारे सहानुभूतीचे संप त्याने बेकायदा केले, आणि रेल्वे, टपाल, पाणीपुरवठा अशा कामांतील नोकरांनी पूर्वसूचनेवाचून संप करणे गुन्हा ठरविला. इंग्लंडात १९२६ च्या सार्वत्रिक संपानंतर तेथील सरकारने १९२७ साली जो कायदा केला त्याची ही छाया होती. १९०६ ची सवलत समुद्र ओलांडून आली नाही, १९२७ चे बंधन दोन वर्षांत येऊन पोहोचले. जोशी ह्यांनी ह्या कलमांस कायदेमंडळात विरोध केला. बिल मंजूर झाले.

त्याच वर्षी सरकारने व्हिटले ह्यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांच्या स्थितीच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमले. जोशी त्याचे सभासद झाले. ट्रेड युनियन काँग्रेसमधील बहुमताने नागपुरास कमिशनवर बहिष्काराचा ठराव केला, तेव्हा आपण ज्या संस्थेचा पाया घातला तीतून ते बाहेर पडले. कमिशनचा अहवाल १९३१ साली निघाला. त्यातील घरे, कर्जबाजारीपणा, बाळंतपणाची रजा, पगार वेळेवर देणे ह्यांवरील शिफारशींतून पुढे कित्येक कायदे झाले. आम्ही तरुणपणी बहिष्काराच्या बाजूचे होतो. आता वाटते की पगार सातव्या-दहाव्या तारखेपर्यंत मिळालाच पाहिजे असा १९३६ चा कायदा ज्या घरात उपयोगी पडला, त्या घराने ह्या वादाचा निकाल द्यावा.

फाटकाचे म्हणाल तर १९३० साली सविनय कायदेभंगाच्या वेळी सरकारने धमकीप्रतिबंधाचा वटहुकूम काढला. दारूची आणि परदेशी कापडाची दुकाने हे त्याचे लक्ष्य होते. १९३२ च्या फौजदारी कायद्याच्या दुरुस्तीने तीच गोष्ट पक्की केली. दुकानासमोर खादीधारी स्वयंसेविका उभी राहो की गिरणीसमोर कामगार, सरकारच्या लेखी उभे राहणे एकच. १९३४ च्या संपात पुढाऱ्यांस विशेष अधिकारांच्या कायद्याने उचलण्यात आले. मात्र त्याच वर्षी मुंबई सरकारने तडजोडीचा कायदा करून गिरणी कामगारांसाठी लेबर ऑफिसर नेमला. कामगाराची तक्रार पोलिसाऐवजी दुसऱ्या कोणा सरकारी मनुष्याने ऐकावी, हे तत्त्व सरकारने मान्य केले ते असे, पंधरा वर्षांनी. आपले स्वतःचे मंत्री आल्यावर तरी सारे पालटले काय? १९३८ च्या ७ नोव्हेंबरास नव्या औद्योगिक बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, डॉ. आंबेडकर आणि कम्युनिस्ट त्यात एकत्र होते, आणि त्या दिवशीही पोलिसांनी गोळी झाडली.

दुभंगलेली ट्रेड युनियन काँग्रेस पुन्हा एक झाली, आणि १९४० पासून १९४८ पर्यंत जोशी पुन्हा तिचे सरचिटणीस होते. ज्यांनी त्यांस नेमस्त म्हणून हिणविले होते तेच आता त्यांच्याबरोबर काम करीत होते. ३० मे १९५५ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

लोअर परळच्या डिलाईल रोडला त्यांचे नाव देण्यात आले. त्या रस्त्यावर सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या बी. डी. डी. चाळी, संख्येने ३२. एकेका खोलीत कामगारही राहत आणि पोलीस शिपाईही राहत. आपल्या ज्ञातीचीही कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. १९८२ चा संप आमच्या पिढीने त्याच चाळींतून पाहिला, त्यानंतर गिरण्या गेल्या. रस्त्यावर एक पोलीस ठाणे आहे. त्याच्या पाटीवर ना. म. जोशी मार्ग पोलीस ठाणे असे लिहिलेले आहे.